माजलगावच्या फुगवट्यात बोट ठेवायची आहे: परवाना, नांगर आणि विमा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माजलगाव धरणात वडिलांची बरीच जमीन गेली आणि उरलेले दोन तुकडे फुगवट्याच्या दोन काठांना राहिले. रस्त्याने एका शेतातून दुसऱ्यात जायचं तर लांबचा वळसा पडतो. म्हणून कोकणातून सहा-सात मीटरची जुनी फायबरची बोट, २५ हॉर्सपॉवरच्या आउटबोर्ड (मागच्या फळीला टांगायच्या) मशीनसकट, घ्यायचा विचार आहे. आठवडाभर घरची माणसं, मजूर, खताच्या गोण्या. रविवारी जमलं तर पर्यटक. लायसन कुठलं लागतं, बोट बांधायची कुठं आणि विमा मिळतो का, हे तुम्ही विचारलंय.

मी मराठवाड्यातल्या धरणांवर बोटी उतरवून देण्याचं आणि त्यांच्या सर्व्हेची, म्हणजे बोट चालवायला योग्य आहे का या सरकारी तपासणीची, तयारी करून देण्याचं काम करतो. त्यावरून सांगतो, इसार अजून देऊ नका. लोक आधी बोट घेतात, मग परवान्यामागे लागतात, विमा सगळ्यात शेवटी काढतात, आणि बोट उभी कुठं राहणार याचा विचार ती ट्रकवरून उतरल्यावर करतात. पाणी कोणाचं आणि वर्षभरात ते कुठून कुठवर सरकतं, हे आधी बघा. बोट कोणाला घेऊन चालणार, हे त्यानंतर ठरवा. एवढं कागदावर आलं की कोणती बोट घ्यायची ते तुमचं तुम्हालाच कळेल. विमा कंपनीही फिरून फिरून हेच विचारते.

पाण्यापासून सुरुवात करू. धरण पूर्ण भरल्यावर जिथवर पाणी येतं तिथवरची जमीन संपादित झालेली असते. मे महिन्यात ती उघडी पडते, तिथं गाळपेर होते, आणि वडिलोपार्जित म्हणून आपण तिच्यावर खुंटा ठोकतो. पण ताबा जलसंपदा विभागाचा असतो. गाळपेर करणाऱ्यालाही ती हंगामापुरतीच मिळते. तेव्हा सातबारा काढा, संपादनाचा नकाशा बघा, हद्दीचे दगड शोधा. मग धरणाचा ताबा ज्या कार्यकारी अभियंत्याकडे आहे त्यांच्या नावे अर्ज करा: बोट कोणत्या भागात चालेल, कुठं उभी राहील, इंधन कुठं भरलं जाईल. माजलगावचं पाणी बीड शहर पितं. त्यामुळे पेट्रोल आणि ऑइल पाण्यात जाणार नाही याची व्यवस्था अर्जातच लिहा. फोर स्ट्रोक मशीन घेणार असाल तर तेही लिहा. जुन्या टू स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच जळतं आणि त्यातलं काही न जळता पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यावर ती मशीन मी कुणालाच सुचवत नाही.

मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, तिच्या अध्यक्षांना जाऊन भेटा. हा कायद्याचा भाग नाही, पण मी तो कधी चुकवत नाही. रात्री लावलेली जाळी कुठून कुठवर जातात हे त्यांनाच माहीत असतं. तुमच्या मशीनच्या पंख्याने एकदा जाळं तुटलं की काठावर बोट सुखाने उभी राहणार नाही.

पर्यटकांसाठी नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, बरा पडेल असंही तुम्ही लिहिलंय. तिथं गणित बदलतं. तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. जलसंपदा विभागाच्या जोडीला वनविभाग येतो, आणि वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत पाण्यावरचं वाहनही वाहनच असतं. परवानगीशिवाय आत नेलेली बोट जप्त होऊ शकते. तो नाद तूर्त सोडा.

आता नोंदणी. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाजे अधिनियम, २०२१ आला आणि ७ जून २०२२ पासून लागू झाला. नदी, कालवा, तलाव आणि नाव चालण्याजोगं आतलं इतर पाणी त्यात येतं. धरण त्यातून सुटत नाही. बोटीला मशीन लागलं की सर्व्हे प्रमाणपत्र, नोंदणी, प्रमाणपत्रधारक चालक आणि विमा या चारही गोष्टी लागतात. वल्ह्याच्या नावेची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करण्याची तरतूद आहे. आपल्याकडचे चप्पू आणि थर्माकोलचे तराफे मात्र कुठल्याच कागदावर नसतात. गंगापूर तालुक्यात भिवधानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये देशभर गेली आणि उच्च न्यायालयानेही तिची दखल घेतली. तुमची गरज त्याच जातीची आहे. म्हणूनच ती रीतसर मार्गाने पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मंडळ १९९६ च्या कायद्याने झालं, कार्यालयं सगळी किनारपट्टीला. सर्व्हेअर तिकडून इथं येणार, त्यामुळे तारीख मिळायला वेळ जातो. ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी बोट, मशीन, लाईफ जॅकेट, अग्निशामक, सगळं एका जागी तयार हवं, नाहीतर पुढची तारीख पुन्हा लांब जाते. बोटीचा आराखडा नौकास्थापत्यकाराकडून (नेव्हल आर्किटेक्टकडून) काढून घ्यावा लागतो. जुन्या बोटीचा आराखडा नसेल तर तिची मापं घेऊन नव्याने काढायचा, आणि तो खर्च धरून बोटीची किंमत करायची.

पाण्याचे तीन झोन असतात, लाटांच्या उंचीवरून ठरवलेले: २ मीटर, १.२ मीटर आणि ०.६ मीटर. तुमचा जलाशय कोणत्या झोनमध्ये धरला जातो ते अर्जाआधी मंडळाकडून विचारून घ्या. बोटीच्या काठाची उंची, माणसांची संख्या, साहित्य, सगळं त्यावर फिरतं. सर्व्हे प्रमाणपत्रावर किती माणसं आणि कोणत्या हद्दीत, हे लिहिलेलं असतं. तो आकडा बोटीच्या आत मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. चढणाऱ्या माणसाला तो दिसला की तुमच्या पोराला कुणाशी वाद घालावा लागत नाही.

घरच्यांसाठी आणि भाड्याने, या दोन वापरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रविवारी दोन कुटुंबांकडून पैसे घेतले की तुमची बोट प्रवासी बोट झाली. मग सर्व्हे, चालकाचं प्रमाणपत्र, पाटबंधाऱ्याची परवानगी आणि पॉलिसी, चारही कागदांवर तोच वापर दिसला पाहिजे. माझा सल्ला असा की पहिलं वर्षभर पर्यटक घेऊच नका. बोट, पाणी, वारा अंगवळणी पडू द्या. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. तलाव शहरातला, लाट नावालाही नाही, तरी हे झालं.

तुम्ही पाहिलेली बोट कोकणातल्या मच्छीमाराची असेल तर आणखी एक अडचण. मासेमारी बोट म्हणून झालेल्या नोंदणीवर माणसं वाहता येत नाहीत. ती नोंदणी रद्द केल्याचा दाखला, बोटीवर बँकेचा बोजा नसल्याचं पत्र आणि विक्रीचा करार, तिन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बोट उलटी करून सगळ्या तळावर नाण्याने टकटक करा. चांगलं फायबर खणखणीत वाजतं. आवाज बसका आला तिथं थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय. मशीन जिथं टांगतात ती मागची फळी मात्र नाण्यावर सोडू नका. मशीन लावून त्याचा पाय दोन्ही हातांनी वर-खाली दाबा आणि कुणाला तरी फळीकडे बघत उभं करा. फळी हलली किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, तर आतलं लाकूड कुजलंय. ती बोट सोडून द्या, वरून कितीही रंगवलेली असो.

आता नांगराकडे येतो. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण मी पाहिलेल्या बहुतेक बोटी चालताना नव्हे, बांधून ठेवलेल्या असताना बुडाल्या.

समुद्रावर पाणी रोज चढतं-उतरतं, पण ठरलेल्या वेळी. आपल्या धरणात ते पावसाळ्यात चढतं आणि मग आठ महिने उतरत जातं, दुष्काळी वर्षी थेट मृतसाठ्यापर्यंत. फुगवट्याकडची जमीन सपाट असते. शंभराला एक असा उतार धरला तर पाणी एक मीटर उतरल्यावर काठ शंभर मीटर मागे जातो. दिवाळीत बांधावर बांधलेली बोट होळीला चिखलात आडवी होते. म्हणून पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयातून मागच्या काही वर्षांची पाणीपातळी लिहून आणा आणि तुमच्या दोन्ही तुकड्यांच्या बाजूला जुन्या नाल्याचं किंवा नदीचं पात्र कुठून जातं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पात्राच्या कडेला खोली टिकते. नांगर तिथं टाका. सांडव्याच्या दारांकडचा आणि कालव्याच्या तोंडाकडचा भाग मात्र पूर्ण वर्ज्य, तिथं ओढ असते.

काँक्रीटचा ठोकळा टाकायचा तर त्याचं पाण्यातलं वजन धरा. शंभर किलोचा ठोकळा पाण्यात साधारण अठ्ठावन्न किलोच भरतो. एवढ्यावर तुमची बोट वळवाच्या वाऱ्यात थांबणार नाही. ठोकळा मोठा घ्या, त्याला जाड कडी ओतून घ्या, आणि तो गाळात रुतू द्या. रुतलेला ठोकळा नुसत्या वजनापेक्षा कितीतरी घट्ट धरतो. ठोकळ्यापासून साखळी, साखळीला नायलॉनचा दोर. पिवळा-निळा प्लास्टिकचा स्वस्त दोर नको. तो उन्हात कुजतो, आणि तरंगत असल्यामुळे पंख्यात अडकतो. नायलॉन ताणलं जातं, झटका खातं.

दोराची लांबी आजच्या पाण्यावर धरायची नाही, धरण शंभर टक्के भरल्यावरच्या पाण्यावर धरायची. मे महिन्यात तीन मीटर पाण्यात माणूस ठोकळा टाकतो, दोर आखूड बांधतो, बोट छान उभी राहते. सप्टेंबरात तिथं नऊ मीटर पाणी होतं. ठोकळा गाळात रुतलेला, दोर ताठ, आणि पाणी वर चढतंय. बोटीचं नाक खाली ओढलं जातं, एका लाटेसरशी पाणी आत येतं आणि सकाळी फक्त मागची फळी दिसते. साखळी असेल तर भरल्या पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट, नुसता दोर असेल तर पाचपट ते सातपट लांबी ठेवा. मग उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर बोट मोठ्या घेरात फिरणार. त्या घेरात दुसऱ्याची बोट, खडक किंवा मोटारीची केबल नको.

केबलीचं कोकणातला कुणी तुम्हाला सांगणार नाही. आपल्या फुगवट्यात काठाकाठाने शेतीच्या मोटारी असतात, पाणी मागं सरकेल तशा त्या पुढं नेतात, आणि जोड दिलेल्या केबली पाण्यातून पडलेल्या असतात. नांगर ओढताना ती केबल वर आली तर हात लावू नका. पाणी चढल्यावर वरच्या विजेच्या तारांचं अंतरही कमी होतं. छताच्या पाइपाला झेंडा लावायची हौस असेल तर आधी मान वर करून बघा.

दोर बोटीच्या कडेवरून जिथं घासतो तिथं जुन्या मोटारीच्या पाइपाचा वीतभर तुकडा ओवून घ्या. साखळी आणि दोर जोडणाऱ्या कडीची, म्हणजे शॅकलची, पिन फिरून निघते म्हणून तिला तारेने आवळा. बांधकामाची काळी तार लवकर गंजते, तिथं जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली) तार वापरा. दर आठवड्याला साखळीचा वरचा हात-दोन हात भाग बाहेर घेऊन कड्या बोटांनी चाचपा. कडी बारीक झालेली डोळ्यांआधी बोटाला कळते.

आणि पाऊस. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि बोटीचं उघडं तोंड दहा चौरस मीटरचं असलं तर एक हजार लिटर, म्हणजे एक टन पाणी बोटीत साठतं. नांगराला टांगलेली उघडी बोट तेवढ्याने तळाला बसते. ताडपत्री मधोमध उंच करून बांधा, तिच्यावर पाणी साचू देऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर बोट पाण्यात ठेवलीच नसती. ट्रॉली बनवून घ्या, ट्रॅक्टर घरी आहेच. काम झालं की ओढून वर काढायची, मशीन काढून घरी न्यायचं. कोकणात धक्का असतो, भरती-ओहोटी असते, राखणदार मिळतो. आपल्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि त्यासारखी सोय दुसरी नाही. रोजची ओढाताण जमणार नसेल तर निदान एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात बोट काठावर घ्या. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या दरम्यान बोट उलटून सहा जण गेले, ते अशाच संध्याकाळच्या वादळात. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेला ढग काळवंडले की बोट सोडायची नाही, कितीही घाई असो.

विम्याचं आता. मशीनच्या बोटीला तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमच्या बोटीचा, मशीनचा आणि बसणाऱ्यांचा विमा वेगळा मागावा लागतो. तालुक्याच्या एजंटाला हे काम बहुधा माहीत नसतं. जिल्ह्याच्या किंवा विभागीय कार्यालयात मरीन हल, म्हणजे बोटींचा विमा, बघणारा अधिकारी कोण, ते विचारून थेट त्याच्याशी बोला. प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) एजंटाला भरू देऊ नका. वापर, चालवण्याची हद्द, उभी राहण्याची जागा, रात्री राखण कोण करतं, मशीनचा नंबर, सगळं स्वतःच्या हाताने लिहा आणि प्रत ठेवा. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर चालतो. विचारलेलं लपवलं, किंवा कंपनीच्या निर्णयात फरक पडेल असं काही सांगितलं नाही, तर दाव्याच्या वेळी तेच पुढं येतं.

पॉलिसीतल्या वगळलेल्या बाबी मराठीत कुणाकडून तरी वाचून घ्या. मशीन निसटून पाण्यात पडलं तर भरपाई नाही, असं कलम अनेक बोट-पॉलिसींत असतं. चोरीला भरपाई असते, पण मशीन नेहमीच्या स्क्रूखेरीज वेगळ्या कुलपाने बोटीला जखडलेलं असेल तरच. वेगवान बोटींच्या पॉलिसीत उघड्या काठाला राखणीशिवाय नांगरलेली बोट सुटली किंवा बुडाली तर दावा बसत नाही, असंही कलम सापडतं. वर नांगराबद्दल एवढं लिहिलं ते यासाठीही.

एका धरणावरच्या मालकाचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. पॉलिसी खासगी वापराची, जागा लिहिलेली शेताजवळची. सणाच्या सुट्ट्यांत त्याने बोट पर्यटकांसाठी दुसऱ्या काठाला नेली आणि तिथंच बांधून ठेवली. अवकाळीत ती सुटून दगडावर आपटली. त्या वेळी बोटीत माणूस नव्हता, कुणाला इजा नव्हती, तरी कंपनीने वापर आणि जागा दोन्ही वेगळे म्हणून दावा नाकारला. नुसतं एक पत्र देऊन जागा बदलल्याचं कळवलं असतं आणि व्यावसायिक वापराचा जादा हप्ता भरला असता, तर तो भांडू शकला असता. तुम्ही ट्रॉलीवर बोट ठेवणार असाल तर ट्रॉलीवरचा आणि ओढून नेतानाचा धोका पॉलिसीत घातलाय का ते बघा. वर्षातले काही महिने बोट बंद ठेवणार असाल तर तेही आधी सांगा. त्यासाठी हप्त्यात सवलत मागता येते, पण त्या महिन्यांत बोट पाण्यात उतरवली तर संरक्षण राहत नाही.

दुर्घटना झालीच तर आधी माणसं, मग पोलीस ठाणं आणि सागरी मंडळ, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी. बोट हलवण्याआधी दोर, शॅकल, तुटलेली कडी यांचे जवळून फोटो काढा आणि तुटलेला भाग जपून ठेवा. आणखी नुकसान होऊ नये म्हणून केलेल्या खर्चाच्या पावत्याही ठेवा. दावा विनाकारण अडला तर पुण्याला विमा लोकपाल आहे, वैयक्तिक पॉलिसीधारकाला तिथं वकिलाशिवाय जाता येतं. कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत जा.

कागदांच्या छायाप्रती प्लास्टिकमध्ये घालून बोटीतच ठेवा आणि नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना ठळक रंगवा. गोदाकाठच्या तालुक्यांत वाळूउपशाच्या बोटी महसूल पथक पकडतं, जिलेटिन लावून उडवतं. ते योग्यच आहे. पण त्या धामधुमीत बिननंबरची, बिनकागदाची बोट काठाला दिसली तर ती शेतकऱ्याची की वाळूवाल्याची, हे पथकाने कशावरून ओळखायचं?

शेवटचा मुद्दा पुराचा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात गावंच्या गावं पाण्यात होती आणि जिथं बोट होती तिथं तिला बोलावणं आलं. तुम्हालाही येईल, आणि तुम्ही जाल हे मला माहीत आहे. जाताना तहसीलदारांकडून दोन ओळींचा लेखी आदेश घ्या, मोबाइलवर आला तरी चालेल, आणि निघण्याआधी त्याचा फोटो विमा कंपनीच्या अधिकाऱ्याला पाठवा. पुराच्या वाहत्या पाण्यात २५ हॉर्सपॉवरवर प्रमाणपत्रात लिहिलेल्या आकड्याच्या निम्मीच माणसं बसवा, आणि दोन फेऱ्या जास्त करा.